झूमवर चेहरा नको, हात दिसायला हवा : संगणकावर व्हर्च्युअल कॅमेरा कसा लावायचा

मोडी लिपी शिकवताना शिकवणाऱ्याचा चेहरा बघून कुणाला काही मिळत नाही. आधी पानभर आडवी शिरोरेषा ओढायची, मग तिला खालून अक्षरं लटकवत न्यायची आणि बोरू (शाईत बुडवायची लेखणी) होता होईल तो उचलायचा नाही. अक्षर कुठून सुरू झालं, कुठे वळलं, पुढच्याला कसं जाऊन भिडलं, हे चालता हात पाहिल्याशिवाय कळत नाही. सुरुवातीला मी तयार तक्ते स्क्रीनवर दाखवत असे. झालं असं, की मंडळी अक्षरांची चित्रं काढायला लागली, लिहायला कुणी शिकलंच नाही.

मी बडोद्याला, दांडिया बाजारात राहते. इथल्या मराठी घरांत अजून ट्रंकेच्या तळाशी गायकवाडी अमदानीतले मोडी कागद सापडतात आणि ते वाचता येणारं माणूस घरात उरलेलं नसतं. शनिवारी संध्याकाळी साडेसातला माझा वर्ग असतो. पुण्याचे, नागपूरचे लोक आहेत, एक बाई टोरांटोहून बसतात. उन्हाळ्यात त्यांच्याकडे तेव्हा सकाळचे दहा वाजलेले असतात. या वर्गासाठी मी जी मांडणी केली तीच इथे सांगते. तुम्ही मोडीऐवजी मेंदी, विणकाम, गणित किंवा हार्मोनियम शिकवत असाल तरी यातलं फारसं काही बदलत नाही.

व्हर्च्युअल कॅमेरा म्हणजे काय, ते आधी. झूममध्ये कॅमेरा निवडायची यादी उघडली की लॅपटॉपच्या कॅमेऱ्याचं नाव दिसतं. व्हर्च्युअल कॅमेरा हे त्याच यादीतलं आणखी एक नाव, फक्त त्याच्यामागे भिंग नसतं, एक प्रोग्रॅम असतो. त्या प्रोग्रॅममध्ये तुम्ही फोनचं चित्र, लॅपटॉपचं चित्र, एखाद्या जुन्या पत्राचं स्कॅन असं हवं ते हव्या त्या जागी मांडता आणि ते अख्खं चित्र झूमला “हा घे कॅमेरा” म्हणून देता. झूमला त्यातलं काही कळत नाही. गुगल मीटलाही नाही.

एक प्रामाणिकपणे सांगते. तुम्हाला फक्त अधूनमधून कागद दाखवायचा असेल, तर एवढा खटाटोप करू नका. झूममध्ये शेअर स्क्रीन दाबून ॲडव्हान्स्डमध्ये गेलात की “कंटेंट फ्रॉम सेकंड कॅमेरा” असा पर्याय आहे. दुसरा कॅमेरा जोडलेला असला की त्याचं चित्र थेट सगळ्यांसमोर येतं. किंवा फोनवरून त्याच मीटिंगमध्ये दुसऱ्यांदा शिरा, फोनचा माइक आणि स्पीकर दोन्ही बंद ठेवा (नाहीतर असा काही प्रतिध्वनी घुमतो की विचारू नका), आणि लोकांना ती चौकट पिन करायला, म्हणजे आपापल्या पडद्यावर मोठी धरून ठेवायला सांगा. एका वेळेपुरतं चालतं. पण वर्ग दर आठवड्याला असेल, जुना कागद आणि हात एकत्र दाखवायचे असतील, आणि पिन कसं करायचं हे दर वेळी नव्याने समजावत बसायचं नसेल, तर पुढे वाचा.

आधी फोन टांगायचा

सॉफ्टवेअरचं काम वीस मिनिटांचं आहे. माझे दोन शनिवार गेले ते स्टँड आणि उजेडात. म्हणून सुरुवात तिथूनच.

फोन कागदाच्या बरोबर वर, भिंग खाली करून, आडवा राहायला हवा. बाजारात क्लॅम्पवाला, लांब मानेचा होल्डर मिळतो. घेताना मान जाड आहे ना ते बघा, कारण पातळ मान फोनच्या वजनाने हळूहळू खाली येते आणि अर्ध्या तासात कागदाऐवजी तुमचं मनगट दिसायला लागतं. मी शेवटी दोन स्टुलांवर एक लाकडी फळी टाकली, फळीला भिंगापुरतं भोक पाडून घेतलं आणि फोन तिच्यावर पडदा वर करून ठेवला. दिसायला गबाळं आहे, पण हलत नाही. कागदापासून भिंगापर्यंत ३५ ते ४० सेंटीमीटर अंतर ठेवा. त्याहून कमी ठेवलंत तर बोरूचं वरचं टोक फोनवर आपटतं.

उजेड वरून नको, बाजूने हवा. वरून आला की फोनची आणि फळीची सावली नेमकी कागदावर पडते. उजव्या हाताने लिहीत असाल तर दिवा डावीकडे ठेवा, म्हणजे हाताची सावली अक्षरावर येत नाही. आणि छताची ट्यूब पंख्याच्या वर असेल तर ती विझवाच. पात्यांमधून येणारा उजेड आपल्या सवयीचा असतो, कॅमेऱ्यात मात्र पान लुकलुकत राहतं. बडोद्याच्या मे महिन्यात पंखा बंद ठेवणं शक्य नाही, तेव्हा कागद उडू नये म्हणून मी वरच्या दोन कोपऱ्यांवर खलातला बत्ता आणि आजीचा अडकित्ता ठेवते. आता विद्यार्थी अडकित्ता दिसला की वर्ग सुरू झाला असं समजतात.

फोनचं चित्र संगणकात आणणं

विंडोज ११ आणि अँड्रॉइड असेल तर आधी विंडोजची स्वतःची सोय बघा. सेटिंग्जमध्ये ब्लूटूथ अँड डिव्हायसेस, त्यात मोबाइल डिव्हायसेस. फोन जोडला की तो कॅमेरा म्हणून वापरायची परवानगी तिथेच देता येते. ही जोडणी बिनतारी आहे. काही नव्या अँड्रॉइड फोनांत, म्हणजे १४ आवृत्तीपासून पुढच्या, केबल लावली की यूएसबीच्या पर्यायांत “वेबकॅम” असंही दिसतं. दिसलं तर नशीबवान आहात, तेच वापरा. आयफोन आणि मॅक दोन्ही घरात असतील तर काहीच घालावं लागत नाही: मॅकओएस व्हेंच्युरापासून, म्हणजे २०२२ पासून, आयफोन थेट कॅमेऱ्यांच्या यादीत येतो.

यातलं काहीच जमलं नाही तर ड्रॉइडकॅम किंवा इरियनसारखं ॲप. ते फोनवर घालायचं आणि त्याचाच जोडीदार प्रोग्रॅम संगणकावर घालायचा. फुकट आवृत्तीत काही ना काही मर्यादा असतात. शिकवण्यासाठी पैसे भरायच्या आधी महिनाभर तीच वापरून बघा.

वाय-फायवर हे चालतं, पण मी केबलच लावते. वाय-फायवर चित्र मागे पडतं, आणि घरातल्या कुणी क्रिकेट लावलं की अडखळायला लागतं. ॲपमधून केबल वापरायची तर अँड्रॉइडमध्ये यूएसबी डीबगिंग सुरू करावं लागतं. त्यासाठी अबाउट फोनमध्ये जाऊन बिल्ड नंबरवर सात वेळा बोट आपटायचं, की डेव्हलपर ऑप्शन्स नावाचं पान उघडतं. डीबगिंग त्यात आहे. वर्ग संपल्यावर ते बंद करा, उगाच उघडं ठेवू नका.

केबलीवरून आठवलं. पहिल्या दिवशी तासभर मी दोन्ही ॲप काढून पुन्हा घातली, संगणक तीनदा बंद-चालू केला, फोन काही दिसेना. शेवटी शेजारचा शाळकरी मुलगा आला, त्याने वायर हातात घेतली आणि म्हणाला, “मासी, आ तो खाली चार्जिंगनो वायर छे.” (मावशी, ही तर नुसती चार्जिंगची वायर आहे.) काही स्वस्त केबलींमध्ये फक्त वीज नेणाऱ्या तारा असतात, माहिती नेणाऱ्या नसतातच. फोन चार्ज होतो म्हणून केबल चांगली, असं धरून चालू नका. केबल लावल्यावर फोनमधले फोटो संगणकावर उघडता आले, तरच ती कामाची.

फोनच्या ॲपमध्ये फोकस आणि एक्सपोजर (चित्राचा उजळपणा) कुलूपबंद करता येतात. ते कराच. नाहीतर हात चौकटीत आला की फोनला वाटतं दृश्य बदललं, आणि तो पान एकदा काळवंडवतो, एकदा पांढरंफटक करतो. पांढऱ्या कागदाला फोन हमखास फसतो आणि करडा दाखवतो. एक्सपोजर थोडं वर सरकवून कागद कागदासारखा दिसेपर्यंत आणा, मग कुलूप लावा.

ओबीएस

चित्रं मांडायचा प्रोग्रॅम म्हणून ओबीएस स्टुडिओ घ्या. फुकट आहे, मुक्त स्रोत आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतो. ओबीएस प्रोजेक्ट डॉट कॉम या त्यांच्या स्वतःच्या साइटवरूनच उतरवा. शोधयादीत वर येणाऱ्या जाहिरातींवर बोट ठेवू नका. २०२० पासून व्हर्च्युअल कॅमेरा त्यात मुळातच आहे. जुन्या व्हिडिओंमध्ये वेगळं प्लगइन घालायला सांगतात, तिकडे लक्ष देऊ नका.

पहिल्यांदा उघडलं की तो विचारतो, कशासाठी वापरणार? “फक्त व्हर्च्युअल कॅमेरा वापरणार” असा पर्याय आहे, तो निवडा. मग सेटिंग्जमध्ये व्हिडिओ या पानावर बेस आणि आउटपुट दोन्ही रिझोल्यूशन १२८० × ७२० करा आणि एफपीएस (सेकंदाला किती चित्रं) ३०. त्याहून मोठं ठेवून लॅपटॉप तापवण्यात अर्थ नाही, मीटिंगवाले पलीकडे बहुधा तेवढं पोचवतही नाहीत. हे आकडे व्हर्च्युअल कॅमेरा सुरू असताना बदलता येत नाहीत, आधी तो थांबवावा लागतो.

खाली डावीकडे सीन्स आणि सोर्सेस असे दोन चौकोन दिसतील. सीन म्हणजे एक मांडणी, सोर्स म्हणजे त्या मांडणीतली एकेक वस्तू. नाटकात प्रवेश आणि त्यातलं नेपथ्य असतं, तसंच. माझे तीन सीन आहेत.

पहिला “हात”. सोर्सेसखालच्या अधिक चिन्हावर दाबा, व्हिडिओ कॅप्चर डिव्हाइस निवडा, नाव द्या, यादीतून फोन निवडा. चित्र उलटं आलं तर (फोन टांगलेला असल्यामुळे ते बहुधा उलटंच येतं) त्यावर उजवी क्लिक, ट्रान्सफॉर्म, आणि रोटेट १८०. मग कंट्रोल-एफ दाबलं की ते चौकटभर बसतं. कडेचा टेबलक्लॉथ नको असेल तर ऑल्ट दाबून धरून चित्राची कड आत ओढा; तेवढी कापली जाते.

दुसरा “मी”. त्यात लॅपटॉपचा कॅमेरा. हा सुरुवातीला नमस्कार-चमत्कारापुरता आणि शेवटी शंका विचारतात तेव्हा.

तिसरा सीन मला सगळ्यात आवडतो, त्याचं नाव “कागद”. यात इमेज हा सोर्स घालून जुन्या पत्राचं स्कॅन ठेवलंय आणि खाली माझा हात. आधी मी दोन्ही शेजारी-शेजारी लावले होते. ते फसलं, कारण मोडीची ओळ लांबलचक असते. शब्दांत जागा सोडलेली नसते, विरामचिन्हं नसतात, नुसती पट्टी धावत असते. शेजारी ठेवलं की तिचे तुकडे होतात. आता चौकटीच्या वरच्या तिसऱ्या हिश्श्यात स्कॅनमधली एकच ओळ कापून लावते आणि खालच्या दोन हिश्श्यांत तीच ओळ बोरूने लिहिते. वर दोनशे वर्षांपूर्वीच्या कारकुनाचा हात, खाली माझा. कोणाचा घोटीव आहे ते विद्यार्थ्यांना लगेच कळतं.

या तिसऱ्या सीनमध्ये फोन घालताना पुन्हा नवा सोर्स बनवू नका. “ॲड एक्झिस्टिंग” निवडून पहिल्या सीनमधलाच फोन घ्या. एक कॅमेरा दोन वेगळ्या सोर्सना दिला की विंडोजमध्ये एक चालतो आणि दुसरा काळा पडतो. सोर्सच्या यादीत जे वर, ते चित्रातही वर. एखादी गोष्ट गायब झाली तर ती बहुतेक कशाच्या तरी मागे लपलेली असते.

सीन बदलायला दर वेळी उंदीर शोधायला लागू नये म्हणून सेटिंग्जमधल्या हॉटकीजमध्ये प्रत्येक सीनला एकेक कळ द्या. शाईने भरलेल्या बोटांनी एक कळ दाबणं सोपं जातं.

चित्रावर आडवे पट्टे सरकताना दिसतात? आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे दिवा सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. कॅमेरा ६० हर्ट्झच्या हिशेबाने चालत असेल तर ते पट्टे उमटतात. वेबकॅम असेल तर सोर्सच्या प्रॉपर्टीजमध्ये कॉन्फिगर व्हिडिओ उघडून पॉवरलाइन फ्रीक्वेन्सी ५० करा. फोन असेल तर ॲपमध्ये अँटी-फ्लिकर शोधा.

आता उजवीकडे खाली स्टार्ट व्हर्च्युअल कॅमेरा दाबा. स्टार्ट स्ट्रीमिंग नाही.

झूम आणि मीट

ओबीएस घालण्याआधीपासून झूम उघडं असेल तर ते पूर्ण बंद करून पुन्हा उघडा. सेटिंग्ज, व्हिडिओ, कॅमेऱ्याच्या यादीत ओबीएस व्हर्च्युअल कॅमेरा. तिथेच एचडीवर खूण करा. मीट ब्राउझरमध्ये चालतं, तेव्हा कॅमेऱ्याची परवानगी ब्राउझरने मागितली की द्या, मग मीटच्या सेटिंग्जमध्ये तेच नाव निवडा. तुमच्या चित्राऐवजी ओबीएसचं चिन्ह दिसत असेल तर व्हर्च्युअल कॅमेरा सुरू करायला विसरलात.

आता माझी फजिती. पहिल्या खऱ्या वर्गात सगळं जमून आलं होतं. मी शिरोरेषा ओढली, पहिलं अक्षर काढलं, आणि नागपूरचे गृहस्थ संकोचत म्हणाले, “ताई, बोरू हवेत चाललाय.” त्यांना माझा हात स्वच्छ दिसत होता आणि त्याच्याखाली धुकं. झूममध्ये मागे कधीतरी घरातला पसारा झाकायला बॅकग्राउंड ब्लर लावलेलं होतं. झूमच्या लेखी हात म्हणजे माणूस आणि कागद म्हणजे मागचा पसारा. त्याने इमानेइतबारे कागद पुसून टाकला. तेव्हा ब्लर, आभासी पार्श्वभूमी, चेहरा उजळणं, कमी उजेडातली दुरुस्ती, सगळं बंद. ते करायचंच असेल तर ओबीएसमध्ये करा, झूममध्ये नाही.

दुसरी हमखास घाबरगुंडी: स्वतःच्या चौकटीत अक्षरं उलटी, आरशातल्यासारखी दिसतात. ती फक्त तुम्हाला तशी दिसतात. झूम आणि मीट तुमचं चित्र तुम्हाला आरशासारखं दाखवतात, समोरच्याला सरळच जातं. हे न कळून लोक ओबीएसमध्ये जाऊन चित्र आडवं फिरवतात, आणि मग खरोखरच सगळ्यांना उलटं जातं. झूममध्ये मिरर माय व्हिडिओची खूण काढून टाका, की तुम्हालाही सरळ दिसेल. पहिल्यांदा खात्री हवी असेल तर शिरोरेषेखाली आपलं नाव देवनागरीत लिहा आणि समोरच्याला मोठ्याने वाचायला सांगा.

आवाजाचा व्हर्च्युअल कॅमेऱ्याशी संबंध नाही. ओबीएसमध्ये माइकची हिरवी पट्टी नाचत असते, तिला भुलू नका. तो आवाज झूमला जात नाही. माइक झूममध्येच निवडायचा. चित्र फोन, केबल, ओबीएस असा वळसा घेऊन जातं, म्हणून ते आवाजाच्या किंचित मागे असतं. लिहिण्यात चालून जातं. तबला शिकवणाऱ्यांना मात्र ते खुपणार.

अक्षर किती मोठं काढायचं

हे कुणी सांगत नाही, म्हणून हिशेब मांडते. नेट जरा मंदावलं की मीटिंगचं चित्र ६४० × ३६० पर्यंत खाली येतं. तुम्ही ए-४ कागद आडवा, म्हणजे साधारण ३० सेंटीमीटर रुंदी चौकटीत घेतली असेल, तर एका सेंटीमीटरच्या वाट्याला २१ पिक्सेल आले. वहीत लिहितो तसं अर्ध्या सेंटीमीटरचं अक्षर काढलंत तर ते दहा-अकरा पिक्सेलमध्ये बसवायचं. मोडीतली वळणं तेवढ्यात मावत नाहीत. दीड सेंटीमीटरचं अक्षर काढलंत तर ३२ पिक्सेल, म्हणजे वाचता येतं. किंवा चौकटीत अर्धाच कागद घ्या, पिक्सेल दुप्पट होतात. मी दोन्ही करते: जाड टोकाचा बोरू आणि कागद आडवा दुमडून अर्धा.

काळी चौकट आली तर

आधी लॅपटॉपच्या भिंगावरची सरकती झडप उघडी आहे ना ते बघा. हसू नका. मग दुसरा कुठला प्रोग्रॅम तोच कॅमेरा धरून बसलाय का ते बघा. झूममध्ये चुकून मूळ वेबकॅम निवडलेला राहिला तर ओबीएसला तो मिळत नाही. विंडोजच्या प्रायव्हसी सेटिंग्जमध्ये कॅमेऱ्याच्या पानावर डेस्कटॉप ॲप्सना परवानगी आहे का तेही तपासा. काही अँटीव्हायरसही कॅमेरा अडवतात. मॅकवर पहिल्यांदा व्हर्च्युअल कॅमेरा सुरू करताना सिस्टिम सेटिंग्जमध्ये जाऊन परवानगी द्यावी लागते. लिनक्सवर व्ही४एल२लूपबॅक हे मॉड्यूल आधी घालावं लागतं.

लॅपटॉप जुना असेल आणि पंखा विमानासारखा घोंघावत असेल, तर ओबीएसच्या मोठ्या चित्रावर उजवी क्लिक करून एनेबल प्रिव्ह्यूची खूण काढा. मीटिंगमध्ये चित्र जातच राहतं, ओझं कमी होतं.

वर्गाआधी फोन डू नॉट डिस्टर्बवर टाका. केबल लावली असेल तर सरळ एअरप्लेन मोड. एकदा लिहिता लिहिता बहिणीचा फोन आला आणि कागदाचं चित्र थिजलं. मी पुढे पाच मिनिटं शिकवत होते, कुणी काही बोललं नाही, त्यांना वाटलं ताई विचारात पडल्यात.

मीटिंग सोडली म्हणजे ओबीएस थांबत नाही. फोनचा कॅमेराही चालूच असतो. स्टॉप व्हर्च्युअल कॅमेरा दाबून ओबीएस बंद करा, फोनवरचं ॲप बंद करा, आणि फळीवरून फोन उचलायच्या आधी दौतीचं बूच लावा. माझ्या टेबलक्लॉथवर निळसर काळा डाग आहे तो त्याचाच.